मिठाच्या पाण्यातलं टेंगूळ

"माझ्या चमच्याचा दांडा कुठाय?"

"कारखान्यात."

"कारखान्यात काय करतोय तो?"

"नोकरी."

हे भांडण मी भिंतीआडून ऐकलं, तेव्हा मला या घरात येऊन नऊ दिवस झाले होते. नव्या सुनेनं कान देऊन ऐकू नये हे मला कळत होतं. पण भिंत पातळ होती आणि सासूबाईंचा आवाज जाड. मी काय कानात बोळे घालून कांदा चिरणार होते?

सासूबाईंकडे एक चांदीचा चमचा होता, त्यांच्या वडिलांनी दिलेला. धाकट्या मुलाला, म्हणजे माझ्या दिराला, लहानपणी खोकल्याचं औषध त्यांनी याच चमच्यानं पाजलं होतं. त्या दिवशी कपाटातली डबी उघडली तर आत नुसतं चमच्याचं मुंडकं. दांडा गायब.

"आई, कंपनीची चांदीची तार यायला दोन महिने लागतात," भाऊजी म्हणाले. "मी सोनाराकडून दांडा गाळून, शुद्ध करून, बारीक तार ओढून घेतली."

"दोन महिने थांबायला काय झालं होतं?"

"मीठ थांबत नाही ना."

"दुसऱ्या कोणाची चांदी मिळाली नाही तुला?"

"ही ओळखीची होती."

"ओळखीची म्हणे! आणि या मुंडक्याचं मी काय करू? गळ्यात घालून फिरू?"

"मिठाच्या बरणीत टाक. मीठ काढायला बरं."

"हात लावून बघ या कडेला. पात्यासारखी झालीय. एक दिवस कोणाचं तरी बोट कापेल, मग कळेल."

"उद्या घासून देतो."

हा 'उद्या' नीट लक्षात ठेवा. मी गोष्ट सांगणार आहे ती त्याचीच.

मी चौथीपर्यंत शिकले. वीज म्हणजे बटण, आणि रसायन म्हणजे संडास साफ करायचं पाणी, एवढंच मला माहीत. पण सत्तेचाळीस वर्षं ज्या माणसाला दोन वेळा जेवू घातलं, त्याचं काम थोडं तरी अंगाला लागतंच. ते मला समजलं तसं सांगते. चुकलं तर शहाण्यांनी सुधारून घ्यावं.

भाऊजी आमच्या यांचे धाकटे भाऊ. उंच, किडकिडीत, कान दोन्ही बाजूंना उभे, जणू कोणीतरी हाक मारेल म्हणून कायम तयारीत. रस्त्याच्या टोकाला मिठाचा कारखाना. तिथं जमिनीत खोल विहिरी आणि विहिरींत समुद्रापेक्षा खारं पाणी. त्या पाण्याचं मीठ होतं, आणि बरंचसं पाणी नळानं शेजारच्या रसायनाच्या कारखान्यात जातं. भाऊजी मिठाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. काम एकच. खाऱ्या पाण्यात आयोडाइड नावाची चीज किती आहे, ते मोजायचं. ती असते इतकी कमी, की मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, "इतकी कमी आहे तर सोडून द्या ना बिचारीला."

"वहिनी, शेजारच्या कारखान्यात पातळ पातळ पडदे आहेत. त्यातून वीज आणि पाणी जातं. या आयोडाइडचा कणभर त्यात अडकला की पडदा गेला. एक पडदा म्हणजे आपलं अख्खं घर."

"पडद्याची एवढी किंमत? मग त्यांनी साधा कापडाचा लावावा."

ते तीन मिनिटं माझ्याकडे बघत राहिले. तीन मिनिटं हे त्यांचं माप होतं. का, ते सांगते.

एकदा जेवताना सासूबाईंनी फर्मावलं, "तू दिवसभर तिथं करतोस काय, ते मला कळेल असं सांग. माझ्या चमच्याचा जीव घेतलायस, कारण तरी कळू दे."

भाऊजींनी हात धुतला, तीनदा धुतला, आणि म्हणाले, "आई, खारं पाणी म्हणजे लाखभर पाहुणे आलेत असं समज. त्यांत जावई एकच. पाहुणे म्हणजे मीठ, जावई म्हणजे आयोडाइड. मी मधोमध एक चांदीची खुर्ची ठेवतो. ती तुझ्या चमच्याची तार. तिच्यात विजेचा दाब इतकाच सोडायचा, की पाहुण्यांना बसायची हिंमत होत नाही. जावई मात्र खुर्ची दिसली की बसतोच. तीन मिनिटं वाट बघायची. मग वीज उलटी फिरवून खुर्चीला धक्का द्यायचा. जावई उठतो, आणि उठताना जी काय कटकट करतो, ती यंत्राचं पेन कागदावर काढतं. रेघ सरळ चाललेली असते, तिथं मध्येच टेंगूळ येतं. टेंगूळ जेवढं मोठं, तेवढं आयोडाइड जास्त."

"आणि जावई आलाच नसेल तर?"

"तर रेघ सरळ जाते."

सासूबाईंनी विचार केला. "आपल्याकडे असं यंत्र असतं तर तुझ्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी बरं झालं असतं," म्हणाल्या.

त्या दिवसापासून भाऊजींचं नाव टेंगूळकाका पडलं. माझी मुलं म्हणायची, शेजारपाजारचे म्हणायचे, पुढे पुढे कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरीसुद्धा म्हणायचा, "काय टेंगूळकाका, आज केवढं?" त्यांना राग येत नसे. उलट ते बोटांनी दाखवायचे, एवढं.

त्यांची दुसरी एक युक्ती मला फार आवडायची, कारण ती मी स्वयंपाकात रोज करत होते आणि मला ठाऊकच नव्हतं की ती मोठी विद्या आहे. भाजीत मीठ किती पडलंय ते नुसत्या चवीनं आकड्यात सांगता येत नाही. पण चव घ्या, मग मोजून एक चिमूट घाला, पुन्हा चव घ्या. एका चिमटीनं चव किती चढली ते कळलं, की आधी किती चिमट्या होत्या त्याचा अंदाज येतो. भाऊजी तसंच करायचे. आधी टेंगूळ बघायचं, मग मोजून एक थेंब आयोडाइड घालायचं, टेंगूळ किती वाढलं ते बघायचं आणि उलटा हिशेब. "वहिनी, तुम्ही माझ्या टेबलावर चालाल," असं एकदा म्हणाले. मी त्या आनंदात दोन दिवस भाजी खारट केली.

घरात मात्र त्यांच्या सवयींनी जीव नको व्हायचा. कप चहाआधी तीनदा विसळायचा. चमचा तीनदा. एकदा पाहुण्यांचं बाळ हातात दिलं, तर म्हणे याला विसळलंय का? यंत्राची तीन मिनिटं चालू असताना प्रयोगशाळेत कोणी दार आपटायचं नाही, ही शिस्त घरातही आली. कोणी काही विचारलं की तीन मिनिटं गप्प, मग उत्तर. आमच्या ह्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. ते म्हणायचे, "माझ्या भावाला वेळ विचारू नका. सांगेपर्यंत ती गेलेली असते."

लग्न नाही केलं. म्हणजे जमत आलं होतं. शाळेतल्या एक बाई होत्या, हसऱ्या, गोड गळ्याच्या. त्यांनी चुकून विचारलं, तुम्ही काय काम करता? भाऊजींनी सांगायला सुरुवात केली. चहा झाला, दुसरा चहा झाला, बागेचा माळी कुलूप घेऊन आला, तरी पाहुणे अजून उभेच होते आणि जावई बसायचा होता. पुढे त्या बाईंनी शीतकपाटं विकणाऱ्या माणसाशी लग्न केलं. भाऊजी म्हणाले, "बरं झालं. तिला दार आपटायची सवय होती."

आता खरी गोष्ट. कारखान्याच्या विहिरी तीन. एक आणि दोन नंबरचं पाणी तिथले कामगार बाटलीत भरून, बूच लावून आणून देत. तीन नंबरची विहीर आमच्या घरापासून कारखान्याच्या वाटेवर. म्हणून ती बाटली भाऊजी स्वतः भरायचे. सकाळी कापडी पिशवीत रिकामी बाटली घेऊन निघायचं, विहिरीच्या नळावर थांबायचं, बाटलीत थोडं पाणी घ्यायचं, तोंडावर अंगठा दाबून गदागदा हलवायचं, ओतून द्यायचं. असं तीनदा. चौथ्यांदा काठोकाठ भरायची. एकतीस वर्षं हेच. बूच नंतर लावायचे, पण हलवायला अंगठा. प्रयोगशाळेच्या भिंतीवर मात्र त्यांच्याच अक्षरात मोठी पाटी होती. बाटलीच्या तोंडाला हात लावू नये.

मी विचारलं, "मग तुमचा अंगठा?"

"तो हात नाही. तो सवयीचा आहे."

त्या वर्षी प्रयोगशाळेवर नव्या मॅडम आल्या होत्या. तरुण, चटपटीत, केस आखूड, सगळं संगणकावर. भाऊजींचं पेनाचं यंत्र आणि चमच्याची तार बघून त्या म्हणाल्या, "काका, हे संग्रहालयात शोभेल." मोठ्या साहेबांचाही विचार होता, की हे टेबल काढून टाकावं, पाणी शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावं आणि त्या खोलीत रिकामी पोती ठेवावीत. भाऊजींना फाटकावर पास द्यायला बसवायचं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. भाऊजी घरी येऊन म्हणाले, "पास देईन, काही नाही. पण तार डब्यात जाईल, वहिनी." एवढंच बोलले, पण त्या दिवशी कप एकदाच विसळला. मला चर्र झालं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी, मी आंघोळीला गेलेली असताना त्यांनी स्वतःच्या अंड्यावर मीठ घ्यायला बरणीत हात घातला.

"अगाई गं!"

चमच्याच्या कडेनं उजवा अंगठा चांगला कापला. एकतीस वर्षं ती कड तशीच होती. घरात घड्याळजी, त्यांच्याकडे सात प्रकारच्या कानशी, दोन मिनिटांचं काम. पण मी म्हटलं की भाऊजी म्हणायचे उद्या, आणि आमचे हे म्हणायचे, ज्यानं कापलाय त्यानं घासावा.

सासूबाई तेव्हा शहात्तर वर्षांच्या. खाटेवरून उठून आल्या, अंगठा बघितला, चमचा बघितला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी आजही विसरले नाही. "मी म्हटलं होतं का नव्हतं? एकतीस वर्षं दबा धरून बसला होता माझा चमचा!"

"आई, रक्त येतंय."

"येऊ दे थोडं. त्याचा हक्क आहे."

मी फडताळातून जखमेवरचं औषध काढलं. आमच्या घरात त्याला झोंबरं म्हणायचे. काळसर बाटली, वरचा कागद तेलकट होऊन अर्धा निघालेला. भाऊजी मिठाला घाबरत नव्हते, विजेला घाबरत नव्हते, पण झोंबऱ्याला घाबरायचे. डोळे घट्ट मिटून, तोंड भिंतीकडे करून हात पुढे करायचे. "फुंकर घाला, वहिनी! आधी फुंकर!" मी बोळ्यानं चांगलं चोपडून वर चिंधी बांधली. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, निघायच्या आधी पुन्हा तेच. डोळे मिटून.

त्याच संध्याकाळी घरी आले ते कान पडलेले.

"तीन नंबर बिघडली."

"काय झालं?"

"टेंगूळ कागदाबाहेर गेलं. पेन कडेला जाऊन टकटक करत बसलं. आजवर असं झालं नाही."

"यंत्र बिघडलं असेल."

"शुद्ध पाण्यात बघितलं, रेघ सरळ. एक नंबर, दोन नंबर, नेहमीचं टेंगूळ. यंत्र ठीक, तार ठीक. विहीरच बिघडली."

बुधवारी त्याहून मोठं. तीन नंबरचं शेजारी जाणारं पाणी बंद झालं. तिथली अकरा माणसं घरी बसली. शेजारच्या कारखान्यातून फोनवर फोन. मॅडम म्हणाल्या, "काका, तार जुनी झाली असेल." भाऊजी ताडकन म्हणाले, "तार खोटं बोलत नाही. लिहून देतो." आणि दिलं की लिहून! सही करून! विहीर बिघडली आहे, मोजमाप बरोबर आहे, चुकलं तर माझी जबाबदारी.

गुरुवारी मॅडमनी स्वतः जाऊन तीन नंबरची एक बाटली भरली आणि शहरात पाठवली. शनिवारी उत्तर यायचं होतं. "इथं तपासायला आणखी एक भरू का?" असं त्यांनी विचारलं, तर भाऊजी म्हणाले, "तीन नंबरची बाटली मी भरतो. एकतीस वर्षं मीच भरतो." अंगठ्याची चिंधी मात्र ते विहिरीवर सोडायचे. मळक्या चिंधीनं बाटलीला हात? छे! उघडा, स्वच्छ अंगठा दाबायचे, आणि हलवायचे. तीनदा.

शुक्रवारी दुपारी लवकर घरी आले. शनिवारसाठी पांढरा कोट धुवायचा होता. कोर्टात जायचं असल्यासारखे घाबरले होते. मी कोट धुतला, खळ शिजवली, बादलीत पातळ केली. कोट खळीत बुडवून पिळायचं काम ते कोणाला देत नसत. आमच्या हातानं म्हणे कॉलरला गाठी राहतात. त्यांनी चिंधी सोडली, बाह्या वर केल्या, कोट खळीत बुडवला, वर काढला.

कोटाच्या छातीवर, बरोबर खिशाखाली, निळाकाळा अंगठा.

"शाई कुठून आली?" सासूबाईंनी खाटेवरून विचारलं.

भाऊजींनी स्वतःचा अंगठा बघितला. तोही निळाकाळा, वांग्यासारखा. मग ते बोलायचे थांबले. मी मनात मोजत होते. एक मिनिट झालं, दोन झाली. खळ थेंबथेंब बादलीत पडत होती. तिसरं मिनिट संपलं.

"वहिनी, तुम्ही मला रोज काय लावता?"

"झोंबरं."

"ते कळलं. त्यात काय असतं?"

"मला काय ठाऊक? बाटली बघा."

त्यांनी बाटली उजेडात धरली. अर्ध्या निघालेल्या कागदावरून नखानं तेल खरवडलं. वाचलं. मग मोरीच्या कट्ट्यावर मटकन बसले.

"टिंक्चर आयोडीन," म्हणाले.

एकतीस वर्षं हा माणूस लाख पाहुण्यांतून एक जावई शोधत होता, आणि चार दिवस सगळं सासर अंगठ्याला चोपडून फिरत होता! पिठाच्या खळीत आयोडीन पडलं की निळंकाळं होतं, हे म्हणे शाळेतली पोरंसुद्धा जाणतात. मी चौथीत सोडली, मला माफ आहे.

सासूबाई हसून हसून खाटेवर आडव्या झाल्या. मग एकदम उठून बसल्या आणि आवाज खाली आणला. "हे बघ, कोणाला बोलू नकोस. औषध लावणं बंद कर. सोमवारी टेंगूळ आपोआप खाली येईल. विहीर सुधारली म्हण. विहिरीला कोण विचारायला जातंय?"

आमचे हेही म्हणाले, "आई बरोबर बोलतेय. तू लिहून दिलंयस. आता अंगठा म्हणालास तर टेबल गेलंच, वर हसं."

मी बादलीतली खळ ढवळत राहिले. झोंबरं माझं होतं.

भाऊजी अंगठा धूत होते. तीनदा, सहादा, नऊदा. म्हणाले, "विहीर सुधारली म्हटलं, तर उद्या ती खरंच बिघडेल तेव्हा मी काय म्हणू?" मग माझ्याकडे वळले. "वहिनी, उद्या तुम्ही चला. औषध तुम्ही लावलंत, साक्ष तुमची."

"मी? कारखान्यात?"

"मीपण येणार," सासूबाई म्हणाल्या. "चमचा माझा आहे."

शनिवारी सकाळी आमची वरात निघाली. पुढे भाऊजी, निळाकाळा शिक्का असलेला कोट घालून, कारण दुसरा कोट नव्हता. मागे मी, पदराखाली झोंबऱ्याची बाटली. शेवटी सासूबाई, काठी टेकत, हातरुमालात मुंडकं गुंडाळून. तीन नंबरच्या नळावर थांबलो. भाऊजींनी बाटली भरली, आणि आयुष्यात पहिल्यांदा बूच लावून हलवली. जुनी सवय, अंगठा आपोआप पुढे यायचा. सासूबाई काठीनं मागे सारायच्या.

मॅडमच्या टेबलावर शहरातून आलेलं पाकीट होतं, न उघडलेलं.

"काका, ही माणसं कोण?"

"पुरावा," भाऊजी म्हणाले.

आणि त्यांनी सगळं सांगितलं. सरळ, उभं राहून, काही न लपवता. मी बाटली पुढे केली. सासूबाईंनी रुमाल उलगडला. मॅडम एकदा चमच्याकडे, एकदा कोटाकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या.

"तुम्ही एकतीस वर्षं बाटली अंगठ्यानं बंद करून हलवता?"

"हो."

"आणि ती पाटी?"

"मीच लावली."

मग भाऊजी यंत्राला बसले. आधी शुद्ध पाणी, बूच लावून हलवलेलं. तीन मिनिटं आम्ही सगळे श्वास धरून. सासूबाईंना शिंक आली ती त्यांनी पदरात दाबली. रेघ सरळ गेली. मग भाऊजींनी डोळे मिटून अंगठा माझ्यासमोर धरला. "लावा, वहिनी." मी लावलं. "फुंकर!" मॅडमसमोर! मी घातली. त्याच शुद्ध पाण्याच्या दुसऱ्या बाटलीवर अंगठा दाबून हलवली. तीन मिनिटांनी पेन उडालं आणि कडेला जाऊन टकटक करायला लागलं.

"हा मी," भाऊजी म्हणाले.

मग साबणानं हात घासले, मॅडमनी दिलेले रबरी हातमोजे चढवले, आणि तीन नंबरचं पाणी लावलं. मोजून थेंब घातला, पुन्हा बघितलं, कागदाच्या कडेला हिशेब केला. मॅडम म्हणाल्या, "आकडा लिहा. सही करा. मग मी पाकीट उघडते." भाऊजींनी लिहिलं, पॉइंट एक चार. पॉइंट दोनच्या वर गेलं तर विहीर बंद, एवढं मला माहीत होतं.

मॅडमनी पाकीट फाडलं. वाचलं. बराच वेळ वाचलं. एवढं काय वाचतात, आकडा तर एकच असणार, असं मला झालं.

"पॉइंट एक चार," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी चमच्याला कपाळ टेकलं.

मॅडमनी तिथूनच मोठ्या साहेबांना फोन लावला. "सर, तीन नंबर सुरू करायची. विहीर बरोबर आहे... हो, तारही बरोबर आहे... नाही सर, अंगठा... अंगठा, सर. हाताचा... नाही, माझा नाही, काकांचा... नाही सर, कोणाला फसवलं नाही, औषध लावलं होतं... वहिनींनी, सर... हो, त्या इथंच आहेत... आईसुद्धा." मग त्या बराच वेळ नुसत्या ऐकत होत्या. भाऊजी कोटाचं बटण पिरगाळत होते. ते तुटलं.

"सर विचारतात, हे टेबल ठेवायचं की नाही ते मी ठरवू का," मॅडम फोनवर हात ठेवून म्हणाल्या, आणि पुन्हा फोनवर, "ठेवायचं, सर. शहरवाल्यांना दोन दिवस लागले. यांना बारा मिनिटं. आणि सर, कोणाच्या अंगठ्याचं टेंगूळ केवढं असतं, हे शहरवाले नाही सांगू शकत."

अट मात्र घातली. बूच लावूनच हलवायचं. आणि रोजच्या नोंदवहीत आकड्याखाली अंगठ्याची अवस्था लिहायची. भाऊजींनी मान डोलावली. पेनानं काढलेला तो टकटकीचा कागद मॅडमनी भिंतीवर, त्या पाटीच्या खाली लावला. कितीतरी वर्षं होता.

दुसऱ्या दिवसापासून घरात नवा नेम सुरू झाला. निघताना भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून दोन्ही हात पुढे करायचे, शाळेत नखं दाखवतात तसे. "बघा, वहिनी. काही आहे?" मी उलटेपालटे करून बघायचे. "काही नाही. जा." दोन वर्षांनी निवृत्त झाले. यंत्र बदललं, पेन जाऊन पडदा आला, पण चमच्याची तार मॅडमनी ठेवली, आणि तीन नंबरची शनिवारची बाटली काकांनीच आणायची असं सांगितलं. चौदा वर्षं आणली. सासूबाई गेल्या, आमचे हे गेले. कानशी माझ्याकडे आल्या. मी दर महिना-दोन महिन्यांनी म्हणायचे, "भाऊजी, ती कड?" "उद्या, वहिनी." बरणीतून मीठ काढताना मी आपली बोटं जपायचे.

मागल्या वर्षीचा तो शनिवार. त्यांना रात्रीपासून दम लागत होता. म्हटलं, आज राहू द्या, मॅडमना फोन करते. म्हणाले, "पाणी घेऊन येतो, मग पडतो." बाटली तीनदा विसळली, पिशवीत घातली, दारात येऊन हात पुढे केले. बोटं गार होती. मी जरा जास्तच वेळ बघितली.

"काय आहे?"

"काही नाही. जा."

सावकाश गेले. नळावर थांबले, भरली, कारखान्यात पोचवली, पहारेकऱ्याला बोटांनी दाखवलं, एवढं. पडायला मात्र घरी आले नाहीत. बाटलीच्या गळ्यात नेहमीची चिठ्ठी दोऱ्यानं बांधलेली होती. मॅडमनी ती पुढे मला आणून दिली. मिठाच्या बरणीखाली ठेवलीय.

तीन नंबर. सकाळी सव्वाआठ. बूच लावून तीनदा. अंगठा स्वच्छ, वहिनींनी बघितला.